कच्चे मडके आणि पुढारपण

दिंडी चालू लागली म्हणजे तिचा क्रम एकदा नीट पाहावा. सर्वांत पुढे पताकावाले, त्यांच्यामागे टाळकऱ्यांच्या ओळी, मग मृदंगी आणि त्यांच्याजवळ गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी. ज्याच्या सुरावर साऱ्या दिंडीने चालावयाचे तो पुढे नाहीच मुळी, मागे आहे! त्याला सगळे दिसतात. पुढच्यांना तो दिसत नाही, नुसता ऐकू येतो. 'पुढारी' या शब्दाचा जो अर्थ आपण धरून बसलो आहोत त्याला हा क्रम मोठाच धक्का देणारा आहे. पण रोज पाहून पाहून आपल्याला त्याचे काही वाटेनासे झाले आहे.

पुढारपण म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे निवडणूक येते. तेवढेच ते नव्हे. दिंडीचा चालक, फडाचा प्रमुख, गावचा सरपंच, सोसायटीचा चेअरमन, शाळेचा हेडमास्तर, आणि हो, घरात दोन सुनांवर असलेली सासूबाई! ज्याच्या शब्दावर दुसऱ्याचे चालणे-थांबणे अवलंबून आहे तो पुढारीच. या सर्वांना एक रोग हटकून जडतो. लोक त्याला अहंकार म्हणतात आणि शिव्या देऊन मोकळे होतात. परंतु वैद्याने वरचे पुरळ पाहून थांबू नये, आतला ताप पाहावा. अहंकार हे वरचे पुरळ आहे. आतला ताप भीतीचा आहे. आपली जागा जाईल, आपल्यावाचून यांचे अडणार नाही, आपण आतून पोकळ आहोत हे कोणाला तरी कळेल, ही ती भीती. ज्याला ही भीती नाही त्याला फुगण्याचे कारणच राहत नाही.

हे सिद्ध करावयास आपल्या संप्रदायातीलच एक कथा पुरेशी आहे. ती सर्वांना पाठ आहे. आणि पाठ असल्यामुळेच कोणी तिचा विचार करीत नाही.

संतमेळा जमला होता. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर महाराज, सोपानदेव, मुक्ताबाई होती, नामदेवराय होते, आणि तेरचे गोरोबा होते, ज्यांना वडीलकीच्या नात्याने सगळे काका म्हणत. मुक्ताबाईची नजर गोरोबाकाकांच्या थापटण्याकडे गेली. हे काय, म्हणून तिने विचारले. काका म्हणाले, याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग येथली मडकी पाहा की, असे ती म्हणाली, आणि काकांनी खरोखरच थापटणे उचलून एकेकाच्या डोक्यावर मारावयास आरंभ केला. बाकीचे स्वस्थ बसून राहिले. नामदेवरायांच्या डोक्यावर थापटणे पडले मात्र, ते रागावले, मोठा अपमान झालासे त्यांना वाटले. काकांनी निकाल दिला की हे मडके कच्चे आहे.

आता कुंभाराचे काम ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या कथेतली खुबी जास्त कळेल. माती भिजवावयाची, लीद-राख घालून तुडवावयाची, चाकावर तिला आकार द्यावयाचा. पण चाकावरून उतरलेले मडके पुरे नसते. ते अर्धवट सुकले की कुंभार आतून दगडाचा आधार धरतो आणि बाहेरून थापटण्याने ठोकतो. आतला आधार नसेल तर त्या ठोक्याने मडके बसेल. मग सावलीत सुकविणे, मग आवा. आव्यातून निघाल्यावर मडक्यावर बोट मारले की खणकन आवाज येतो. कच्चे असले तर बद्द वाजते. आणि गंमत अशी की नुसत्या डोळ्यांनी पाहिले तर सुकलेले कच्चे मडके भाजलेल्यापेक्षा जास्त गुळगुळीत दिसते! त्याला धूर लागलेला नाही, डाग नाही. त्याची गोम एकच, त्याला पाणी सोसत नाही. ज्या कामासाठी मडके घडविले तेच काम त्याला भिववते. पाणी ओतले की त्याची पुन्हा माती.

कच्च्या पुढाऱ्याचे हेच असते. लोकांत मिसळणे, लोकांचे बोलणे ऐकून घेणे हे त्याचे काम, आणि नेमके तेच त्याला सोसत नाही. सभेत कोणी हिशेब विचारला की तो म्हणतो, माझ्यावर विश्वास नाही का? प्रश्न पैशाचा होता, उत्तर मानाचे आले. हा बद्द आवाज. त्याला दुसऱ्या फळीतला माणूस तयार झालेला चालत नाही. फडावर एखादा पोरगा चांगला गाऊ लागला की हा त्याला पुढची चाल शिकवीत नाही. मागितली तर, अजून वेळ आहे, म्हणतो. किल्ल्या सगळ्या याच्या कमरेला. सारे काम स्वतःच करतो आणि संध्याकाळी तक्रार करतो की मला एकट्यालाच सारे पाहावे लागते. बाबा रे, तूच तर कोणाला पाहू देत नाहीस!

येथे एक गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे. थापटणे सर्वांनाच बसले. मग चौघा भावंडांना ते का झोंबले नाही? कोणी म्हणेल, ते अवतारी होते. म्हणा, पण त्या उत्तराने आपल्या पदरात काही पडत नाही. दुसरीकडून पाहावे. ही चार मुले संन्याशाची पोरे म्हणून गावाबाहेर टाकलेली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले. भिक्षा मागताना लोकांनी दारे लावली. पैठणास जाऊन आपण शुद्ध आहोत असा कागद मागण्याची पाळी त्यांच्यावर आली. जगाने त्यांच्या डोक्यावर थापटणी मारून मारून झाली होती. त्यांचा आवा केव्हाच लागून गेला होता. गोरोबाकाकांचे एक थापटणे त्यांना काय जड? ज्ञानेश्वर महाराजांचे वय तर अवघे 21 वर्षांचे होते तो त्यांनी समाधी घेतली.

नामदेवरायांचे तसे नव्हते. दामाशेटी आणि गोणाईच्या घरचा हा लाडका मुलगा. त्याच्या हातचा नैवेद्य देवाने खाल्ला अशी ख्याती लहानपणापासूनची. परंपरेने त्यांचा जन्म 1270 चा, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांपेक्षा ते पाच वर्षांनी मोठे. स्वतः ज्ञानेश्वर महाराज तीर्थयात्रेला चला म्हणून त्यांच्याकडे गेले होते. एवढा मान ज्याला मिळाला त्याने कच्चे राहावे, हे आश्चर्य वाटते; पण विचार करता आश्चर्य नाही. स्तुती हे ऊन आहे, त्याने मडके सुकते, भाजत नाही. सुकल्यावर ते टणक लागते म्हणून सर्वांना ते पक्के वाटते, मडक्यालाही.

आणि त्यांची सारी प्रतिष्ठा एका गोष्टीवर उभी होती: देव माझ्याशी बोलतो, माझा आहे. जी वस्तू फक्त माझी आहे ती जाण्याचे भय असतेच. गोरोबाकाकांच्या थापटण्याने डोके दुखले नसेल, ते भय दुखले.

पुढे काय झाले ते पाहा. नामदेवराय तडक पंढरीस आले आणि देवापाशी गाऱ्हाणे घातले. आपणही हेच करतो. खाली कोणी खोट काढली की वर जाऊन तक्रार करावयाची, वरच्याने आपली बाजू घ्यावी म्हणून. येथे देवाने बाजू घेतली नाही! गोरोबा म्हणतो ते खरे आहे, तुला गुरू नाही, विसोबा खेचराकडे जा, असे सांगितले. लाडक्याची बाजू देवानेही घेतली नाही ही या कथेतली सर्वांत मोठी कृपा होय असे मला वाटते. घेतली असती तर नामदेवराय जन्मभर पंढरपुरातले एक मानकरी होऊन राहिले असते.

ज्याच्याकडे पाठविले तो तरी कोण? विसोबा चाटी. एके काळी याच भावंडांचा हाडवैरी. मुक्ताबाईला मांडे भाजावयास खापर मिळू देऊ नये म्हणून ज्याने गावात आटापिटा केला, आणि ज्ञानेश्वर महाराजांनी पाठीवर मांडे भाजू दिलेले पाहिल्यावर जो पश्चात्तापाने त्यांचे उष्टे खावयास धावला, तोच हा. ज्याने मत्सर स्वतः पोसला आणि स्वतः टाकला त्याच्याइतका या रोगाचा जाणकार दुसरा कोण मिळणार? देवाने एखाद्या जन्मशुद्ध महात्म्याकडे पाठविले नाही, बऱ्या झालेल्या रोग्याकडे पाठविले.

नामदेवराय गेले तो हा म्हातारा देवळात पिंडीवर पाय टाकून निजलेला. पाय काढ म्हणताच तो म्हणाला, बाबा, म्हातारा झालो, उचलवत नाहीत. जेथे देव नसेल तेथे तूच ठेव. नामदेवरायांनी पाय उचलून जेथे ठेवावे तेथे पिंडी! या प्रसंगाचा अर्थ वेदान्ताच्या अंगाने नेहमी सांगतात, तो योग्यच आहे. पण आपल्या विषयाच्या अंगाने पाहिले तरी त्यात उत्तर आहे. देव फक्त पंढरीत आणि फक्त माझ्याशी बोलणारा असता तर तो कोणी हिरावून घेईल ही धास्ती योग्य होती. जो सर्वत्र आहे तो कोण कोणाचा हिरावणार? नामदेवरायांना तेथे कोणी, अहंकार सोड, असा उपदेश केला नाही. भीतीचे मूळच उपटले, मग अहंकार उभा राहावयास जागा उरली नाही.

आता येथे एक शंका येते. अहंकार गेला म्हणजे माणूस कोपऱ्यात बसेल, पुढारपण कोण करील? या शंकेला नामदेवरायांचे उरलेले चरित्र हेच उत्तर आहे. 1296 साली कार्तिक वद्य त्रयोदशीस आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली, आणि थोड्याच काळात उरलेली भावंडेही गेली. नामदेवराय तेव्हा 26 वर्षांचे. पंढरीच्या परंपरेप्रमाणे ते समाधिस्थ झाले 1350 मध्ये. म्हणजे त्यानंतरची 54 वर्षे हा सारा मेळा त्यांनी सांभाळला. ज्ञानेश्वर महाराज गेल्यावर पहिले स्थान रिकामे झाले होते. दुसरा असता तर त्यावर जाऊन बसला असता. नामदेवरायांनी उलट त्या समाधीचे वर्णन अभंगांत केले, महाराजांचे चरित्र गायिले आणि त्या जागेवर त्यांनाच कायम बसविले. आजही गजर होतो तो ज्ञानोबा-तुकारामांचा. अर्धशतकाहून अधिक काळ राबलेल्या नामदेवांचे नाव त्यात नाही. याबद्दल कधी कोणी हळहळलेले मी ऐकलेले नाही. आणि स्वतः नामदेवरायही हळहळले नसते.

त्यांच्या घरी जनाबाई दळण-कांडण करी. ती अभंग रचू लागली तेव्हा, दासीने कशाला हे, असे त्या घरात कोणी म्हटले नाही. परंपरा तर सांगते की त्या घरात लहानथोर सगळेच अभंग रचीत. जो स्वतः कवी म्हणून प्रसिद्ध आहे त्याच्या घरात दुसरे कवी वाढावेत ही गोष्ट सोपी नव्हे! वडाखाली सहसा दुसरे झाड वाढत नाही.

आणि पंजाब. तेथे गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान गावी त्यांचे दीर्घ काळ वास्तव्य होते असे तिकडची परंपरा सांगते. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे आहेत. 2015 साली 88 वे मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले तेव्हा इकडच्या पुष्कळांनी ते गाव प्रथमच पाहिले. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे की ज्याचा मोठेपणा लोकांच्या नमस्कारावर उभा असतो तो नमस्काराच्या टापूबाहेर पाऊल टाकीत नाही. पंढरीत ज्याला पोरेसोरे ओळखतात त्याने जेथे भाषा निराळी, पागोटे निराळे, ओळखणारा कोणी नाही अशा मुलखात जाऊन पुन्हा पहिल्यापासून टाळ हातात घ्यावयाचा, हे पक्क्या मडक्याचे काम आहे. पाणी कोणत्या विहिरीचे याची त्याला फिकीर नसते.

चोखोबांची गोष्ट तर अंगावर काटा आणणारी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता ते कोसळले आणि वेठीला धरलेले मजूर गाडले गेले, त्यांत चोखोबा गेले. हे 1338 साल. नामदेवराय तेव्हा 68 वर्षांचे म्हातारे. ते मंगळवेढ्यास गेले, ढिगाऱ्यातून चोखोबांची हाडे वेचली आणि पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी बांधविली. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही त्याला देवाच्या दाराशी कायमची जागा दिली. खरे बोलायचे तर ते दार त्यानंतरही सहाशे वर्षे उघडले नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी उपोषण केले तेव्हा उघडले. नामदेवरायांच्या हातात होते तेवढे त्यांनी केले, आणि स्वतःसाठी त्याच महाद्वाराची पायरी मागून घेतली.

असो. दुसरी शंका अधिक व्यवहाराची आहे. पुढाऱ्याने इतके मऊ राहिले तर धाक कसा राहील? याचे उत्तर वारीतच रोज संध्याकाळी मिळते. माउलींची पालखी तळावर आली की दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला चोप वर करतात आणि तो सारा समुदाय क्षणात गप्प होतो. कोणत्या पोलीस अंमलदाराला हे जमेल? पण पुढे पाहा. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. सर्वांच्या देखत, माउलींच्या समोर! चोपदार याला अवज्ञा समजत नाहीत. ते त्या दिंडीकडे चालत जातात, म्हणणे ऐकून घेतात, निवाडा करतात. मग हरवले-सापडले, उद्याचा कार्यक्रम हे पुकारले जाते आणि मग समाजआरती होते. तक्रारीचा टाळ वाजत असेल तोवर आरती खोळंबते. धाक तो हा. ज्याच्या हुकमाने सगळे गप्प होतात त्यानेच न गप्प बसणाऱ्याकडे आपल्या पायांनी जावयाचे. चोप वर केला आणि एक टाळ थांबला नाही म्हणून माझा अपमान झाला, असे चोपदारांना वाटू लागले तर वारी एक मुक्कामही नीट पार पडणार नाही.

एका गैरसमजाविषयी मात्र सावध राहावे. भ्यालेला माणूसही कित्येकदा फार नम्र दिसतो. मी काय, पामर, आपल्या पायाची धूळ, असे म्हणतो आणि तिरक्या डोळ्याने पाहतो की, छे छे महाराज, असे कोणी म्हणते की नाही. न म्हटले तर दोन दिवस त्याला अन्न गोड लागत नाही. ही नम्रता नव्हे, हा उसना मागितलेला मान आहे. तसाच दुसरा एक प्रकार: जबाबदारी आली की, माझी योग्यता नाही, म्हणून मागे सरावयाचे. चुकलो तर लोक हसतील हे त्याच्या मनातले खरे कारण. नामदेवरायांना संतमेळ्यात कच्चे ठरविले गेले, त्यांना केवढे वाईट वाटले असेल! तरी ते मेळा सोडून गेले नाहीत, आणि मी आता कीर्तन करणार नाही असेही म्हणाले नाहीत. शिकून आले आणि पुन्हा त्याच लोकांत उभे राहिले. 

मग सामान्य माणसाने करावे काय? गोरोबाकाका प्रत्येक गावात नाहीत. पण थापटणे मारणारा एक तरी माणूस आपल्याजवळ असावा आणि तो आपल्या हुकमातला नसावा. पुष्कळ पुढाऱ्यांच्या भोवती होयबा जमतात ते काही केवळ स्वार्थाने नव्हे. यानेच नाही म्हणणाऱ्यांना एकेक करून घालविलेले असते. कोणी तोंडावर चूक सांगितली तर त्या दिवशी उत्तर देऊ नये. बद्द आवाज बहुधा पहिल्या उत्तरातच येतो. रात्र जाऊ द्यावी आणि दुसऱ्या दिवशी एवढेच पाहावे की तो जे म्हणाला ते खरे आहे का. कोण म्हणाला, कसे म्हणाला, किती लोकांच्या देखत म्हणाला, हे सगळे वगळून.

आणि सप्ताहातील पहाऱ्याचा नियम घरी-दारी लावून पाहावा. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवीत नाहीत. पण ती एकाच्या गळ्यातही राहत नाही. पहारा बदलला की देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. साठ वर्षांचा वृद्ध आपली वीणा सोळा वर्षांच्या मुलाच्या गळ्यात घालून त्याच्या पायाला हात लावतो, हे आपण दरसाल पाहतो. दिंडीच्या चालकाने या आषाढीला एक मुक्काम आपले काम दुसऱ्याकडे सोपवावे. सरपंचाने एक ग्रामसभा उपसरपंचाला चालवू द्यावी. सासूबाईंनी एका सणाचा स्वयंपाक सुनेच्या मताने होऊ द्यावा. पहिल्या दिवशी नव्या माणसाची चाल कोठेतरी चुकेल, मीठ कमी पडेल, आपला जीव खालीवर होईल. होऊ द्यावा. हात पुढे करून वीणा परत मागू नये. पहारा संपेपर्यंत टाळकऱ्यांच्या ओळीत टाळ धरून उभे राहावे.